रद्द केलेला टायमर वाजला आणि चालू सर्व्हर बंद पाडला: मत हवंय

होटगीरोड
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं ऑर्डर आणि डिस्पॅचचं काम दोन सर्व्हरच्या क्लस्टरवर चालतं. एक काम करतो, दुसरा तयारीत उभा. खाली कोरोसिंक (सर्व्हर एकमेकांना दिसतात का हे बघणारं), डेटा डीआरबीडीने दोन्हीकडे सारखा, वर पोस्टग्रेस डेटाबेस. ताबा कोणी कधी घ्यायचा हे ठरवणारा प्रोग्रॅम मात्र आमचा स्वतःचा आहे, सी भाषेतला, जीलिब लायब्ररीच्या मेन लूपवर (घटना आणि टायमर एकेक करून हाताळणारं चक्र) चालणारा. लिहिणारे केव्हाच दुसरीकडे गेले, आता तो माझ्याकडे आहे.

नियम साधा आहे. जोडीदार दिसेनासा झाला की तयारीतला सर्व्हर २० सेकंद थांबतो. तेवढ्यात जोडीदार परत दिसला तर टायमर रद्द. नाही दिसला तर आयपीएमआयवरून (सर्व्हर दुरून चालू-बंद करायची सोय) त्याची वीज कापायची आणि मगच ताबा घ्यायचा.

पाच महिन्यांत तीनदा रात्रपाळीत लाइट गेली-आली. सर्व्हर यूपीएसवर होते, त्यांना जोडणारा नेटवर्क स्विच यूपीएसवर नव्हता. स्विच बंद होऊन काही सेकंदांत परत उठला, सर्व्हर एकमेकांना परत दिसले, लॉगमध्ये 'टायमर रद्द' अशी ओळही पडली. आणि तरी थोड्या वेळाने टायमर वाजला! तयारीतल्याने धडधाकट चालणाऱ्या जोडीदाराची वीज कापली. शेवटच्या वेळचे आकडे:

२:१४:०७ जोडीदार हरवला, टायमर सुरू
२:१४:१० जोडीदार परत, टायमर रद्द
२:१४:२० टायमर वाजला, ताबा घेतोय

डेटा गेला नाही, पण चार मिनिटं बारकोडची लेबलं छापायची थांबली, आणि भरलेला ट्रक दारात उभा. तिन्ही वेळा अहवालात 'वीजपुरवठा खंडित' एवढंच लिहिलं गेलं. पहिले दोन मीच लिहिले, आणि आता ते वाचवत नाहीत.

प्रश्न असा. कॉलबॅकमध्ये, म्हणजे टायमर वाजल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, 'जोडीदार खरंच हरवलाय का' एवढी एक ओळ टाकली की आजच सुटका होते, वरच्यांना तेच हवंय. मला वाटतं रद्द झालेला टायमर जिवंत राहतोच कसा हे आधी कळायला हवं. तुम्ही काय केलं असतं?

शेंगाचटणी
सोलापुरात लाइटवर बिल फाडणं लई सोपं हाय बे. लाइट काय उलट उत्तर देत नाय.

विजापूरवेस
एक ओळ टाका आणि झोपा. दिवसा उजेडी कारण शोधा. रात्री दोन वाजता ट्रकवाल्याला तत्त्वज्ञान नको असतं.

जुना_सी
विजापूरवेस, घाईचं कारण कळतं, पण ही ओळ घातली की लक्षण दिसायचं बंद होईल आणि रोग शोधायची वाटही बंद होईल. आधी दोन गोष्टी सांगा: टायमरचा आयडी कुठे ठेवता, आणि रद्द कसा करता?

होटगीरोड
सर, एकच ग्लोबल व्हेरिएबल आहे. जी_टाइमआउट_अ‍ॅडने दिलेला आयडी त्यात ठेवायचा, रद्द करताना तोच जी_सोर्स_रिमूव्हला द्यायचा आणि व्हेरिएबल शून्य करायचं. शून्य केल्याचं मी तीनदा तपासलं.

उजनीकाठ
सर्व्हरचं घड्याळ उडी मारतंय का ते बघितलंत? लाइट आल्यावर एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ लावणारी सेवा) वेळ पुढे ढकलली तर टायमर लवकर वाजू शकतो.

जुना_सी
नाही. जीलिबचे टाइमआउट मोनोटॉनिक, म्हणजे फक्त पुढेच जाणाऱ्या, घड्याळावर चालतात. भिंतीवरचं घड्याळ पुढे-मागे केल्याने त्यांना फरक पडत नाही. शिवाय सर्व्हर बंद झालेच नव्हते, स्विच झाला होता.

पुण्यातली_सोलापूरकर
होटगीरोड, तुमच्या तीन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. टायमर २० सेकंदांचा. सुरू झाला ०७ ला, वाजला २० ला. मधे १३ सेकंद!

२० चा टायमर १३ ला वाजूच शकत नाही. म्हणजे वाजला तो हा नव्हेच. ०७ ला सुरू झालेला तुम्ही १० ला नीट रद्द केलात, तो मेला. वाजला तो बरोबर २:१४:०० ला सुरू झालेला कुणी दुसरा. त्याच्या सुरू होण्याची ओळ लॉगमध्ये का नाही, ते शोधा. कोडमध्ये हा टायमर सुरू करणाऱ्या जागा किती आहेत?

होटगीरोड
ताई, अंगावर काटा आला. दोन जागा आहेत. एक कोरोसिंकने सदस्य कमी झाल्याचं कळवल्यावर. दुसरी नेटवर्क कार्डाची लिंक पडल्यावर. ही दुसरी नंतर कुणीतरी घातलेली दिसते, तिथे लॉग लिहिलेलाच नाही. दोन्हीकडे आयडी त्याच एका व्हेरिएबलमध्ये जातो.

पुण्यातली_सोलापूरकर
मग सापडला. ०० ला लिंक पडली, पहिला टायमर सुरू, आयडी व्हेरिएबलमध्ये. ०७ ला कोरोसिंकचा निरोप आला, दुसरा टायमर सुरू, आणि त्याचा आयडी पहिल्याच्या डोक्यावर लिहिला गेला. १० ला तुम्ही रद्द केला तो दुसरा. पहिल्याचा पत्ताच कुणाजवळ उरला नव्हता, रद्द कोण करणार? तो मेन लूपमध्ये वीस मोजत बसला.

कोरोसिंकला सात सेकंद का लागले तेही जुळतं. टोकन, म्हणजे सर्व्हर आपसात फिरवतात त्या निरोपाची वाट बघायची मुदत, ३००० मिलिसेकंद ठेवलाय ना? ३.१ पासून तोच डिफॉल्ट आहे. टोकन हरवल्यावर कन्सेन्ससचा, म्हणजे कोण उरलं यावर एकमत करायचा, वेळ असतो, तो न लिहिल्यास टोकनच्या १.२ पट, म्हणजे ३६०० मिलिसेकंद. दोन्ही मिळून ६.६ सेकंद.

होटगीरोड
हो, टोकन ३००० च आहे. आता दोन आठवड्यांचं कोडंही उलगडलं. ही चूक मुद्दाम घडवून आणायला मी फायरवॉलने कोरोसिंकचं येणं-जाणं अडवत होतो. तीसेक वेळा केलं, एकदाही टायमर चुकीचा वाजला नाही. कसा वाजेल? फायरवॉलने पाकिटं अडतात, लिंक पडत नाही. म्हणजे दुसरी जागा कधी चालायचीच नाही. रात्री स्विचच बंद व्हायचा तेव्हाच दोन्ही चालायच्या.

विजापूरवेस
पण फायरवॉलनेच तपासा असं सगळीकडे लिहिलेलं असतं की.

जुना_सी
त्याला कारण आहे. कोरोसिंकच्या २.x मध्ये इंटरफेस खाली घेतला तर तो १२७.०.०.१ ला (मशीनचा स्वतःचाच पत्ता) जाऊन बसायचा आणि भलताच गोंधळ व्हायचा. म्हणून इंटरफेस पाडून चाचणी करू नका, फायरवॉलने दोन्ही दिशा अडवा, असं सांगतात. सल्ला योग्यच आहे. पण यांचा प्रोग्रॅम लिंककडेही कान लावून बसलाय, तेव्हा यांना दोन्ही चाचण्या हव्यात. हाताने केबल उपसा, आठ सेकंदांत परत लावा.

पूर्वभाग
मला सी येत नाही, पीएचपी करतो, पण वाचून राहवलं नाही. आमच्या घरी चार यंत्रमाग होते. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पत्र्याची बारीक पट्टी अडकवलेली असते, तिला आम्ही ड्रॉपर म्हणतो. धागा तुटला की ती पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. एकदा नाना धागा जोडून माग चालू करायचे आणि चार फेऱ्यांत तो परत थांबायचा. ताणा बघितला, सगळा शाबूत. शेवटी कळलं, आधी कधीतरी एका बाजूला धागा न घेता रिकामीच राहिलेली पट्टी होती. धक्क्याने ती खाली यायची. जिचा धागाच नाही, ती तुटल्याची बातमी देत होती. तुमच्या पहिल्या टायमरचं तसंच वाटलं.

होटगीरोड
अण्णा, उद्या ऑफिसात हेच सांगणार आहे. कारखान्यातल्या लोकांना 'पॉइंटर ओव्हरराइट' सांगून काही पोचत नाही, रिकामी पट्टी लगेच पोचेल.

शेंगाचटणी
सोलापुरातच असं होतं. धाग्यावर धागा, त्यात परत धागा.

तिसरं_वर्ष
मी वालचंदला तिसऱ्या वर्षाला आहे. शंका: टायमर वाजून गेल्यावर आयडी तसाच राहिला आणि नंतर तो रद्द केला, तर त्याच नंबरचा दुसराच टायमर मरू शकतो का?

जुना_सी
चांगला प्रश्न. कॉलबॅकने खोटं (फॉल्स) परत केलं की जीलिब तो सोर्स, म्हणजे टायमरची नोंद, स्वतःच काढून टाकतं. व्हेरिएबलमध्ये जुना आकडा राहतो. पुढे तो रद्द करायला गेलात तर 'असा सोर्स आयडी सापडला नाही' अशी क्रिटिकल ओळ लॉगमध्ये येते. २०१४ मधल्या २.४० आवृत्तीपासून ती येते. त्याआधी चूक मुकाट्याने पचून जायची. आणि हो, तो आकडा दुसऱ्याला दिला गेला असेल तर दुसऱ्याचाच टायमर मरेल.

पुण्यातली_सोलापूरकर
सर, तत्त्व बरोबर, पण व्यवहारात ते फार दुर्मिळ. जीलिब आकडा वाढवत जातं, ३२ बिट संपल्याशिवाय जुना परत येत नाही. सेकंदाला दहा टायमर बनवले तरी ४२९ कोटी संपायला साडेतेरा वर्षं लागतील. खरा धोका लिनक्सचं टायमरएफडी वापरणाऱ्यांना आहे. तिथे टायमर म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलला किंवा सॉकेटला मिळणारा आकडा), आणि लिनक्स सगळ्यात लहान मोकळा आकडा लगेच पुढच्याला देतं. दोनदा बंद केलात तर दुसऱ्या वेळी कुणाचं तरी चालू सॉकेट बंद होईल.

जुना_सी
मान्य, साडेतेरा वर्षांचा हिशेब मी केला नव्हता. तरी मुलांना मी शून्य करायलाच शिकवेन.

पुण्यातली_सोलापूरकर
त्याबद्दल वाद नाहीच सर.

उजनीकाठ
मुळात स्वतःचा प्रोग्रॅम कशाला? पेसमेकर हे क्लस्टर सांभाळणारं तयार सॉफ्टवेअर वापरा. हजारो लोकांनी घासून पुसून घेतलेलं आहे.

होटगीरोड
नव्याने उभारायचं असतं तर तेच घेतलं असतं. पण वर दहा वर्षांचं लेबल छापणं, वजनकाटा आणि गेटपास बसलेत. एका सुट्टीत उचलून दुसरीकडे ठेवता येणारं काम नाही. एवढा भाग आधी नीट करायचाय.

विजापूरवेस
आणि पेसमेकरमध्ये टायमर नाहीत असं थोडंच आहे? निवडणुकीला २ मिनिटं, डीसी (क्लस्टरचा प्रमुख सर्व्हर) शोधायला २० सेकंद, जॉइनमध्ये सर्व्हर सामील व्हायला ३ मिनिटं, बंद होताना अडकलं तर २० मिनिटांनी जबरदस्ती. शिवाय दर १५ मिनिटांनी सगळं परत तपासणं. लॉगमध्ये 'सी_टायमर_पॉप्ड' दिसतं ते हेच. तिथे प्रत्येक टायमरला स्वतःची जागा आहे, एवढाच फरक.

पुण्यातली_सोलापूरकर
त्यांच्याकडून आणखी एक घेण्यासारखं आहे. पेसमेकरच्या कंट्रोलरमध्ये टायमर वाजला की कॉलबॅक बहुतेक वेळा थेट काम करत नाही. स्टेट मशीनच्या रांगेत एक इनपुट टाकतो, आणि पाळी आली की त्या वेळच्या स्थितीनुसार ठरतं. होटगीरोड, तुमच्याकडे वाजल्यावर थेट वीज कापतात की आधी रांग आहे?

होटगीरोड
रांग आहे. 'ताबा घे' असा निरोप टाकतो, दुसरं फंक्शन उचलतं.

पुण्यातली_सोलापूरकर
मग विजापूरवेस यांची एक ओळही लागणार. एकाच थ्रेडच्या मेन लूपमध्ये रद्द केलेला सोर्स परत वाजत नाही, हे खरं. पण वाजून निरोप रांगेत पडलाय, आणि तो उचलायच्या आत जोडीदार परत आला, तर टायमर रद्द करून काय उपयोग? निरोप आधीच निघालाय. त्यासाठी प्रत्येक वेळी सुरू करताना एक पिढी क्रमांक वाढवा, तो निरोपासोबत पाठवा, आणि उचलताना जुळतो का बघा. जुना असेल तर फेकून द्या, पण लॉग करून. गुपचूप फेकलात तर पुढची चूक पुन्हा पाच महिने दडून राहील.

विजापूरवेस
म्हणजे माझी ओळ पण पाहिजे आणि जुना_सी सरांचं शोधणं पण. बरं झालं, दोघंही जेवायला मोकळे.

अंधारातला_दिवा
विषय थोडा वेगळा, पण उरलेला टायमर दर वेळी वाईटच असतो का? लिनक्सच्या वॉचडॉगमध्ये तो मुद्दाम ठेवलेला आहे. प्रोग्रॅम वॉचडॉगचं डिव्हाइस उघडतो आणि ठरावीक वेळाने त्याला सांगत राहतो की मी जिवंत आहे. प्रोग्रॅम मेला आणि डिव्हाइस नुसतं बंद झालं, तरी मॅजिक क्लोज असलेल्या ड्रायव्हरमध्ये टायमर थांबत नाही, मशीन रीसेट होतं. थांबवायचा असेल तर बंद करण्याआधी त्यात इंग्रजी 'व्ही' हे एक अक्षर लिहावं लागतं. म्हणजे शहाण्या प्रोग्रॅमने निरोप घेऊन जावं, आणि तडकाफडकी मेलेल्याच्या मागे टायमर उरावा. नोवेआउट हा पर्याय लावला तर निरोप घेऊनही थांबत नाही.

जुना_सी
उत्तम उदाहरण. तिथे टायमर प्रोग्रॅमपेक्षा जास्त जगावा हे ठरवून केलंय, आणि त्याचा मालक कर्नल आहे. होटगीरोड यांच्याकडे मालकच नव्हता.

पूर्वभाग
एक अडाणी प्रश्न. वीज कापण्याची काय गरज? परत आलेल्या जोडीदाराला विचारायचं ना, बाबा तू काम करतोयस का?

जुना_सी
अण्णा, हा प्रश्न अडाणी नाही, क्लस्टरचा गाभा आहे. समोरचा दिसत नाही याचे दोन अर्थ होतात: तो मेलाय, किंवा मधला रस्ता तुटलाय आणि तो पलीकडे मजेत लिहितोय. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. विचारायला रस्ताच नसतो. मग दोघांनीही मालक समजून एकाच डेटावर लिहिलं की झालं वाटोळं. म्हणून ताबा घेण्याआधी समोरच्याची वीज कापून खात्री करायची. होटगीरोड यांचा डेटा तिन्ही वेळा वाचला तो याच शिस्तीमुळे. चुकीच्या माणसाला बाहेर काढलं, पण एका वेळी मालक एकच राहिला.

होटगीरोड
सर, एक गोष्ट मनाला लागली. टायमर वाजेपर्यंत स्विच उठलेला असायचा, म्हणूनच वीज कापायचा निरोप पोचायचा. स्विच मेलेलाच राहिला असता तर आयपीएमआयपर्यंत काही गेलंच नसतं, कापणं फसलं असतं आणि ताबा घेतलाच गेला नसता. सगळं सुरळीत झालं म्हणूनच आम्ही पडलो.

शेंगाचटणी
स्विचला यूपीएसवर टाका आधी. ते फुकटात होतंय.

होटगीरोड
टाकला, परवाच. पण तेवढ्यावर वरचे म्हणायला लागले, आता कोड बदलायची गरज काय. गरज आहे. केबल उंदीर कुरतडेल, कुणी झाडताना उपसेल. लाइट हे कारण नव्हतं, लाइटमुळे फक्त चूक दिसली.

विजापूरवेस
धागा वर काढतोय. दीड महिना झाला, पुढे काय झालं?

होटगीरोड
उशीर झाला, माफ करा. मधे गड्ड्याची यात्रा, मग कारखान्याचा हिशेब. सगळं सांगतो.

टायमर सुरू करणं आता एकाच फंक्शनमध्ये आहे. दोन्ही जागा त्यालाच हाक मारतात. आधीच सुरू असेल तर नवा बनवायचा नाही, पहिलाच चालू द्यायचा आणि 'कुणी परत मागितला' एवढं लॉगमध्ये लिहायचं. इथे आमचा वाद झाला होता: जुना रद्द करून नव्याने वीस मोजायचे का? मी नको म्हटलं. लिंक सारखी लपलपत राहिली तर प्रत्येक वेळी मोजणी शून्यावर येईल आणि खरंच मेलेल्या जोडीदाराचा ताबा कधीच घेतला जाणार नाही. हरवल्याची पहिली वेळ तीच खरी वेळ.

कॉलबॅकची पहिली ओळ आयडी शून्य करते. निरोपासोबत पिढी क्रमांक जातो. सुरू, रद्द आणि वाजला या तिन्ही ओळींत आयडी छापला जातो. हा आधी असता तर ताईंना १३ सेकंद मोजावे लागले नसते, पहिल्याच रात्री दोन वेगळे आकडे दिसले असते.

चाचणी दोन प्रकारची. एक छोटा प्रोग्रॅम, वीस सेकंदांच्या जागी २०० मिलिसेकंद. 'हरवला' दोनदा, 'परत आला' एकदा, मग अर्धा सेकंद वाट. जुन्या कोडवर दर वेळी वाजतो, नव्यावर नाही. जुन्यावर तो नापास होतो हे आधी पाहिलं, मगच त्याच्यावर विश्वास ठेवला. दुसरी खरी चाचणी रविवारी, कारखाना बंद असताना. रात्रपाळीचे सुपरवायझर स्वतः आले. त्यांनी केबल उपसायची, मी सेकंद म्हणायचे. आठ सेकंदांत परत, असं दहा वेळा. एकदाही ताबा बदलला नाही. मग केबल काढून तशीच ठेवली, आयपीएमआयची वेगळी केबल लावलेली होती. वीस सेकंदांनी वीज कापली आणि ताबा बदलला. ते म्हणाले, 'आता बरोबर वेळेला मारलं.'

पहिल्या दोन अहवालांवर मी दुरुस्तीची टीप जोडली. 'वीजपुरवठा खंडित' खोडलं नाही, खाली खरं कारण तारखेसह लिहिलं.

पुण्यातली_सोलापूरकर
वा! हुतात्मा एक्स्प्रेसने येईन तेव्हा सात रस्त्याला चहा तुमच्याकडून.

होटगीरोड
चहाच काय ताई, कडक भाकरी आणि शेंगाचटणीसुद्धा.

शेंगाचटणी
मला का मधे घेताय बे.

तिसरं_वर्ष
हे वाचून मी आमच्या प्रोजेक्टमध्ये जी_टाइमआउट_अ‍ॅड कुठेकुठे आहे ते शोधलं. अकरा जागा, त्यातल्या चार ठिकाणी परत येणारा आयडी कुठेच ठेवलेला नाही. त्या चारही चूकच समजायच्या का?

जुना_सी
नाही. एकदाच वाजून संपणारा आणि कधीच रद्द करावा न लागणारा असेल तर आयडी न ठेवणं चालतं. पण त्याला युजर डेटा म्हणून काय दिलंय ते बघा. टायमर वाजण्याआधी ती वस्तू फ्री होऊ शकत असेल तर मेलेल्या पत्त्यावर हात पडेल. व्हॅलग्राइंडखाली (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालवा, लगेच कळेल. चारातल्या कुठल्याला वस्तू दिली आहे?

तिसरं_वर्ष
दोघांना. एकात कनेक्शन आहे, आणि ते बंद झालं की फ्री होतं.

जुना_सी
तिथून सुरुवात करा. कोड इथे टाका, रात्री बघतो.